ट्यूनिंग उतरवलं, आता तारा कोणत्या?

गिटारच्या खालच्या ट्यूनिंगबद्दल, म्हणजे तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावण्याबद्दल, आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरं देत आहोत, कारण बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी उगम पावते. पाकिटावरचा पहिला आणि शेवटचा आकडा बघून सेट घेतला जातो. ठरलेल्या सुरात प्रत्येक तारेवर किती ताण येणार, हे पाहिलं जात नाही. उत्तरांत ‘एक फ्रेट उतरवणं’ म्हणजे अर्धा सूर खाली आणणं. गेजचे, म्हणजे तारेच्या जाडीचे, आकडे इंचाच्या हजाराव्या भागात आहेत, म्हणजे दहाची तार ०.०१० इंच जाड. पहिली तार सर्वांत बारीक, सहावी सर्वांत जाड. ताण पौंडात दिला आहे, कारण तारा बनवणाऱ्या कंपन्यांचे तक्ते बहुधा पौंडात असतात.

प्रश्न (पुणे): आमचा बँड ड्रॉप सी मध्ये वाजवतो. दुकानात ‘खाली जाड तारांचा सेट घ्या’ असं सांगितलं म्हणून इलेक्ट्रिकला १०-५२ लावला. आता वरच्या तीन तारा लोळतात, चौथी-पाचवी दगडासारखी कडक आणि सहावी पुन्हा ढिली. गिटारमध्येच दोष आहे का?

उत्तर: गिटार ठीक आहे, सेट चुकला आहे. तार एक फ्रेट उतरवली की तिचा ताण सुमारे ११ टक्के घटतो. दोन फ्रेटला २१, तीनला २९ आणि चारला ३७ टक्के. ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून घट इतकी झपाट्याने होते.

आता तुमचा सेट तपासू. साधा १०-४६ सेट (१०, १३, १७, २६, ३६, ४६) साडेपंचवीस इंची स्केलवर (तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीवर) नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये पहिल्या तारेपासून अंदाजे १६, १५, १७, १८, १९.५ आणि १७.५ पौंड ताण देतो. हाताला हा समतोल ओळखीचा असतो. १०-५२ मध्ये वरच्या तीन तारा त्याच राहतात, खालच्या तीन मात्र ३०, ४२, ५२ होतात. हा सेट ड्रॉप सी मध्ये, म्हणजे सहावीपासून पहिलीकडे सी-जी-सी-एफ-ए-डी असा लावला, तर पहिल्या पाच तारा दोन फ्रेट उतरतात आणि सहावी चार. ताण उरतो तो पहिल्या तारेपासून असा: १३, १२, १३, १९, २१ आणि १४. तुमची तिन्ही लक्षणं या सहा आकड्यांत आहेत. पाचवीवर २१ आणि शेजारच्या सहावीवर १४ असताना एका बोटाने पॉवर कॉर्ड (खालच्या दोन-तीन तारांचा साधा कॉर्ड) दाबला की सहावी वर सरकते आणि कॉर्ड बेसूर होतो. ड्रॉप ट्यूनिंग ज्या सोयीसाठी लावायचं, नेमकी तीच सोय हातातून जाते.

‘खाली जाड’ सेट मुळात नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये दणकट ऱ्हिदम आणि वर मऊ बेंड (तार ढकलून सूर चढवणं) हवे असणाऱ्यांसाठी आहेत. ड्रॉप ट्यूनिंगमध्ये जास्तीची उतरते ती फक्त सहावी, त्यामुळे जास्तीची जाडीही फक्त तिलाच हवी.

तुमच्यासाठी: ११-४९ चा सेट घ्या (११, १४, १८, २८, ३८, ४९). त्यातली ४९ बाजूला ठेवून ५६ ची सुटी तार लावा. ड्रॉप सी मध्ये ताण साधारण १५.५, १४, १५, १७, १७ आणि १६ येईल. याहून सरळ समतोल कुठल्याही तयार पाकिटात सहज मिळत नाही. बाजारात ११-५६ चे सेटही आहेत, पण घेण्याआधी पाकिटाच्या मागची मधली जाडी वाचा. त्यांत चौथी ३२ आणि पाचवी ४४ असेल, तर त्यांच्यावर अनुक्रमे २२ आणि २३ पौंड येतील, म्हणजे आत्ताचंच दुखणं थोडं वाढून परत येईल.

पुढे ड्रॉप बी किंवा आणखी खाली जायचं ठरलं, तर हिशोब घरी करता येतो. पूर्वीइतकाच ताण हवा असेल तर दर फ्रेटला जाडी १.०६ ने गुणायची. ४६ ची सहावी चार फ्रेट उतरवताना ४६ ला चार वेळा १.०६ ने गुणलं की ५८ येतात. ५६ घेतली तर किंचित मऊ, ५९ किंचित कडक. गुंडाळलेल्या तारांना हा हिशोब काटेकोर लागू होत नाही, पण दुकानात उभं राहून निवड करायला पुरतो. तुमच्या गिटारचं स्केल पावणेपंचवीस इंची असेल, तर त्याच तारांवर ताण सुमारे ६ टक्के कमी पडतो. तिथे सहावी सरळ ५९ ची घ्या. उलट २७ इंची बॅरिटोनवर, म्हणजे लांब स्केलच्या गिटारवर, ताण १२ टक्के वाढतो, म्हणजे एका फ्रेटची घट आपोआप भरून निघते.

प्रश्न (सांगली): सुगम संगीताच्या कार्यक्रमात ॲकॉस्टिक गिटारची साथ करते. गायकाची पट्टी काळी एक. डी-ए-डी-जी-ए-डी हे ट्यूनिंग मला आवडतं, पण त्यात षड्ज पांढरी दोनवर येतो. सगळ्या तारा एक फ्रेट उतरवल्या तर १२-५३ चा सेट फडफडतो. जाड तारा लावल्या तर ब्रिज (बॉडीवर तारा अडकवलेली पट्टी) उखडेल अशी भीती वाटते.

उत्तर: ट्यूनिंगची निवड साथीसाठी फार चांगली आहे. षड्ज डी वर धरला की उघड्या तारा सा-प-सा-म-प-सा अशा लागतात, आणि त्यात शुद्ध किंवा कोमल गंधार नसल्यामुळे, तीव्र मध्यमाचे थाट सोडले तर, कुठल्याही थाटाच्या आड येत नाहीत. डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश वादकाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे ट्यूनिंग रूढ केलं ते मोरोक्कोत ऐकलेल्या ऊद या अरबी तंतुवाद्याची साथ करता यावी म्हणून. म्हणजे त्याचं मूळच एका सुरावर स्थिर राहणाऱ्या संगीतात आहे.

काळी एकसाठी तुम्हाला सी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, जी शार्प, सी शार्प हवेत. नेहमीच्या ट्यूनिंगपासून मोजलं तर पहिली, दुसरी आणि सहावी तार तीन-तीन फ्रेट उतरतात, तिसरी, चौथी आणि पाचवी फक्त एक-एक. म्हणून फडफड पहिली, दुसरी आणि सहावी या तीनच तारांत जास्त ऐकू येत असणार.

१३-५६ चा मीडियम सेट आणा (१३, १७, २६, ३५, ४५, ५६). मधल्या तीन तारा तशाच लावा; त्यांचा ताण १२-५३ नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये देतो त्याच्या जवळपास, किंचित जास्तच येतो. पहिली १४ ची, दुसरी १८ ची आणि सहावी ५९ ची सुटी घ्या. सुट्या तारा मिळाल्या नाहीत तर सेटमधल्या १३, १७, ५६ वर भागतं, मात्र त्या तीन तारा हाताला वीसेक टक्के मऊ लागतील. हळुवार बोटांनी वाजवणाऱ्याला ते कदाचित आवडेलही.

ब्रिजची काळजी योग्य आहे, पण धोका कशात आहे ते पाहा. १२-५३ नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारवर एकूण १६० पौंडांच्या आसपास ओढ असते, म्हणजे सत्तरहून अधिक किलो. वर सांगितलेला जाड सेट सी शार्पमध्ये जवळजवळ तेवढीच ओढ देतो. तोच सेट लावलेला असताना कुणी गिटार नेहमीच्या ट्यूनिंगला चढवली, तर एकूण ओढ १९० पौंडांच्या पुढे जाते. हलक्या बांधणीच्या गिटारचं पोट तिथे फुगतं आणि ब्रिज सुटू लागतो. ही गिटार काळी एकसाठीच राखून ठेवा आणि केसवर तशी चिठ्ठी लावा. गायिकेची पट्टी काळी चार-पाच असेल तेव्हा दुसरी गिटार वापरा किंवा कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावा: सातव्या फ्रेटला काळी चार, नवव्याला काळी पाच. दर महिन्याला ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. कागद आत जात असेल तर तारा लगेच उतरवा आणि गिटार कारागिराकडे न्या. उघडलेली फट आपणहून मिटत नाही.

रागांबद्दल एक सूचना. भूपात मध्यम वर्ज्य, तेव्हा तिसरी तार एफ शार्पवरून एफ वर, म्हणजे शुद्ध गंधारावर उतरवा. मालकंसात पंचम नाही, त्यामुळे उघडा पंचम कानाला टोचेल. तानपुरा जसा मध्यमाला लावतात तशी पाचवी तार दोन फ्रेट उतरवून मध्यमावर आणा. ४५ ची तार ते सोसते. दुसरी तार मात्र त्या सुरात लोळू लागते. तिला दाबून गप्प ठेवणं बरं.

प्रश्न (ठाणे): जाड तारा लावल्यापासून सहावी ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो. पहिल्या दोन-तीन फ्रेटवर आणि बाराव्या फ्रेटवर सूर चढा लागतो. काय बदलावं?

उत्तर: बदलण्याआधी जुळवून घ्यायचं आहे, आणि क्रम महत्त्वाचा आहे: आधी नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी), मग नेकचा बाक, मग तारांची उंची, सर्वांत शेवटी इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर खरा लागणं). उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक पायरीला आधीची मेहनत वाया जाते.

‘टिंग’ हा नटचा आवाज आहे. ४६ साठी कापलेल्या खाचेत ५६ ची तार अडकते, खुंटी फिरवल्यावर ताण खुंटी आणि नटच्या मधे साठतो आणि मग एकदम सुटतो. शिवाय तार खाचेच्या तळाशी बसत नाही, वरच राहते. ती पहिल्या फ्रेटपर्यंत दाबताना जास्त ओढली जाते, म्हणून तिथला सूर चढा येतो. खाच तारेपेक्षा दोन ते चार हजारांश इंच रुंद हवी, तिचा उतार हेडस्टॉककडे हवा, म्हणजे तार फ्रेटबोर्डाच्या बाजूच्या कडेवर टेकते. हे काम नटच्या गोल कडेच्या फाइलनेच करावं. सँडपेपर गुंडाळलेल्या तारेने खाच वाकडी होते. खोली वाढवायची घाई नको. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली पातळ कागदाइतकी फट दिसली पाहिजे. फट नाहीशी झाली की उघडी तार खरखरते, आणि मग नवा नट बसवण्यावाचून उपाय उरत नाही. तानपुऱ्याची जवारी आपण मुद्दाम काढतो. गिटारमध्ये उघड्या तारेची ती खरखर सगळ्या कॉर्डांत मिसळते.

नेकचा बाक असा मोजा: पहिल्या फ्रेटवर कॅपो, जिथे नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर सहावी तार दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट फीलर गेजने (मोजलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) बघा. इलेक्ट्रिकवर ०.००८ ते ०.०१२ इंच योग्य. एकूण ओढ वाढली असेल तर फट मोठी दिसेल. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा. ट्यूनिंग उतरवून ओढ कमी झाली असेल तर नेक सरळ होऊन खालच्या फ्रेटवर खरखर सुरू होते. तेव्हा उलट दिशेने पाव फेरा. प्रत्येक वेळी पुन्हा ट्यून करून मगच मोजा. रॉड जोर लावूनही फिरत नसेल तर थांबा.

इंटोनेशन नव्या तारांवर, ठरलेल्या ट्यूनिंगमध्ये आणि गिटार वाजवण्याच्या स्थितीत धरून तपासा. मांडीवर आडवी ठेवलेल्या गिटारचं माप खोटं येतं. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने येणारा सूर) आणि तिथेच हलक्या हाताने दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) नेकपासून दूर, उतरा असेल तर नेककडे. जाड तारेला सॅडल जवळजवळ नेहमीच मागे न्यावं लागतं. मागे जागाच उरली नाही, तर स्क्रूवरची स्प्रिंग काढून किंवा कापून दोन-तीन मिलिमीटर मिळतात. काही ब्रिजवर सॅडल उलटं फिरवून बसवता येतं. जोरदार पिकिंग करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ढिल्या तारेचा सूर आघाताच्या क्षणी वर जातो आणि मग खाली स्थिरावतो. तुम्ही जितक्या जोराने वाजवता तितक्याच जोराने तार छेडून ट्यून करा.

तार बसवताना आणखी एक. गुंडाळलेली जाड तार आधी कापून मग खुंटीत घालू नका. काटकोनात वाकवा, त्या वाकाच्या पुढे कापा. नाहीतर गुंडाळी आतल्या गाभ्यावर सैल होते आणि कोरी तार पहिल्या दिवसापासून मेल्यासारखी वाजते. ५६ च्या पुढच्या तारेला खुंटीवर दीड-दोन वेढे पुरतात.

प्रश्न (नागपूर): गिटारला तरंगता ट्रेमोलो ब्रिज आहे. दोन गाण्यांपुरती सहावी ई वरून डी वर आणतो, तर बाकीच्या पाचही तारा चढतात. त्या नीट केल्या की सहावी पुन्हा बिघडते.

उत्तर: तरंगता ब्रिज एका बाजूला तारांची ओढ आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांची ओढ यांवर तोललेला असतो. सहावी उतरली की तारांची बाजू हलकी पडते, स्प्रिंगा ब्रिज मागे खेचतात आणि उरलेल्या तारा ताणल्या जातात. गाण्यागणिक ट्यूनिंग बदलायचं असेल तर तोल काढून टाकावा लागेल. मागचं झाकण उघडा, ब्रिज बॉडीला समांतर असताना ट्रेमोलोचा ठोकळा आणि पोकळीची भिंत यांमधलं अंतर मोजा, आणि नेमक्या त्या मापाचा सागवानी किंवा तत्सम कठीण लाकडाचा तुकडा दोन्ही बाजूंना घट्ट बसवा. मग एक तार कितीही उतरवा, बाकीच्या हलत नाहीत. ट्रेमोलो फक्त खाली दाबायचा असेल, तर ब्रिज वर खेचला जाण्याच्या बाजूलाच तुकडा लावला तरी चालतं. सहावीच्या ट्यूनरला लावायचा ई-डी असा झटपट बदल करणारा खटका मिळतो, पण तोसुद्धा ब्रिज असा टेकवलेला असेल तरच काम देतो.

कायमचं खालचं ट्यूनिंग आणि जाड तारा असतील तर तरंगता ब्रिज ठेवता येतो. तेव्हा नवी ओढ पाहून स्प्रिंगा तीनच्या चार करायच्या किंवा त्या ज्यात अडकवलेल्या असतात त्या पंजाचे स्क्रू आवळायचे.

प्रश्न (रत्नागिरी): स्लाइड (तारांवर नळी सरकवून) वाजवण्यासाठी ओपन ई, म्हणजे उघड्या तारांचा ई कॉर्ड, लावते. चौथी तार सारखी तुटते.

उत्तर: ओपन ई मध्ये चौथी आणि पाचवी दोन-दोन फ्रेट आणि तिसरी एक फ्रेट चढते. दोन फ्रेट चढवल्यावर ताण २६ टक्के वाढतो. ओपन डी लावा (डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी) आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो ठेवा. सुरांमधली अंतरं तीच, सूरही ओपन ई चेच, आणि एकही तार चढवावी लागत नाही. स्लाइडला ताण थोडा जास्त बरा असतो, म्हणून पहिली १३ आणि दुसरी १७ ची घ्या. तार तरीही एकाच जागी तुटत असेल तर त्या सॅडलवर बोट फिरवून धार लागते का ते बघा.

प्रश्न (मुंबई): ड्रॉप सी साठी तिसरी तार साधी घ्यावी की गुंडाळलेली?

उत्तर: १९ पर्यंत साधी, २० च्या पुढे गुंडाळलेली, असं आमचं मत आहे. साधी जाड पोलादी तार ताठ होते, दाबल्यावर सूर चढतो आणि कॉर्डमध्ये नेमकी तीच कानाला खटकते. गुंडाळलेल्या तारेचा गाभा पातळ असल्याने ती सुरात जास्त खरी राहते. मात्र त्याच जाडीची गुंडाळलेली तार वजनाने हलकी असते, म्हणून साध्या २० च्या जागी गुंडाळलेली २२ घ्या. तिच्यावर बेंड काढायला बोट जास्त ढकलावं लागतं. तिसऱ्या तारेवर मोठे बेंड हेच तुमच्या वादनाचं बलस्थान असेल, तर साधी १८ किंवा १९ ठेवा.

प्रश्न (नाशिक): ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचे गिटारवादक टोनी आयोमी हलक्या तारा लावून सी शार्पमध्ये वाजवायचे. मग जाड तारांचा आग्रह कशासाठी?

उत्तर: आग्रह नाही. कारखान्यातल्या अपघातात आयोमी यांच्या तारा दाबणाऱ्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती. हलक्या तारा आणि उतरवलेलं ट्यूनिंग, दोन्ही त्या बोटांना सोसवेल असा ताण मिळवण्यासाठी होतं. त्या ढिल्या तारांवर त्यांनी हाताचा दाब आणि पिकचा जोर इतका आवरला की सूर हलत नाही. तुमचा हात तसा हलका असेल तर दहाचा सेट दोन फ्रेट खाली बिनधास्त वाजवा. आवाज मोकळा आणि भरीव येतो. वेगवान पाम म्यूट (तळव्याने तारा दाबत वाजवणं) आणि कडक पिकिंग असेल तर त्या ताणात प्रत्येक आघात चढा ऐकू येईल. आधी आपला हात ओळखा, मग गेज ठरवा.

प्रश्न (कोल्हापूर): सात तारांच्या गिटारला १०-५९ सेट आहे. सातवी बी वरून ए वर न्यायची आहे.

उत्तर: बाकीच्या सहा तारांना हात लावू नका. पूर्ण ताण हवा तर सातवी ६६ ची, थोडी मऊ चालणार असेल तर ६२ किंवा ६४ ची घ्या. विकत घेण्याआधी खुंटीचं आणि ब्रिजचं छिद्र कॅलिपरने मोजा. ६६ म्हणजे १.६८ मिलिमीटर, आणि काही ट्यूनरच्या छिद्रातून ती जात नाही. तिथे टोकाशी निमुळती होणारी तार मागवा.

प्रश्न (मडगाव): पावसाळ्यात तारा पंधरा दिवसांत गंजतात. जाड सुट्या तारा महाग पडतात.

उत्तर: किनाऱ्यावर लेप असलेल्या तारा घेणं शेवटी स्वस्त पडतं. वाजवून झाल्यावर कोरडा सुती कपडा तारेच्या वरून आणि खालूनही फिरवा. गंज बहुतेक वेळा खालच्या बाजूने धरतो. आधी गंजतात त्या पहिल्या दोन-तीन साध्या तारा, आणि त्या स्वस्त असतात. तेवढ्याच बदलत राहा. सहावी स्वच्छ असेल आणि बाराव्या फ्रेटवर सूर जुळत असेल तोवर तिला काढू नका. न उघडलेल्या सुट्या तारा सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डब्यात ठेवा आणि प्रत्येकीवर गेज लिहा, कारण ५४ आणि ५६ यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही.